सोनमुळाची परीक्षा

परीक्षा जवळ आल्या की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "अभ्यासानं डोकं थकतं, त्यावर काही घेतलं तर चालेल का?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादी जाहिरात असते. घरात एखादी बाटली आलेलीही असते. 'शेकडो वर्षांच्या परंपरेने सिद्ध' असे शब्द तिच्यावर ठसठशीत छापलेले असतात. शिक्षकाने काय सांगावे? 'घे' म्हणणे सोपे, 'घेऊ नको' म्हणणेही सोपे. पण विज्ञान शिकवणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारायला हवी : सिद्ध झाले म्हणता, तर ते तपासले कसे?

तापावरच्या औषधाची परीक्षा त्या मानाने सोपी. थर्मामीटर लावला की पारा सांगतो. मलेरियाचेही तसेच. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातले परजीवी मोजता येतात. चिनी परंपरेतल्या एका वनस्पतीपासून आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले आणि त्यासाठी तू यूयू यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले; त्या संशोधनात 'परजीवी उरले की गेले' ही कसोटी हाताशी होती. थकव्याला असा पारा नाही, मोजायला परजीवीही नाहीत. 'मला थकल्यासारखे वाटते' हेच त्याचे मुख्य लक्षण. मग थकवा घालवणाऱ्या पदार्थाची परीक्षा घ्यायची कशी? शास्त्रज्ञांना या प्रश्नाशी शंभराहून अधिक वर्षे झगडावे लागले आहे. तो इतिहास आपण एका वनस्पतीच्या निमित्ताने पाहू.

पानफुटीची थंडीतली बहीण

पानाच्या कडेवर नवी रोपे उगवणारी पानफुटी आपण वर्गात दाखवतो. तिच्याच कुळातली, तशाच मांसल पानांची एक वनस्पती उत्तर युरोप, सायबेरिया, अल्ताय पर्वत अशा थंड प्रदेशांत खडकांच्या फटींत वाढते. तिची फुले पिवळी असतात. जमिनीतला जाड कंद कापला की गुलाबासारखा वास येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने या मुळाची नोंद केली होती. 1753 साली लिनियसने तिला ऱ्होडिओला रोझिया हे नाव दिले, तेही या वासावरूनच. रशियन लोक तिला 'सोन्याचे मूळ' म्हणतात. आपण सोयीसाठी सोनमूळ म्हणू.

कडाक्याच्या थंडीत आणि कष्टाच्या कामात अंगात बळ राहावे म्हणून या मुळाचा काढा किंवा अर्क पिण्याची पद्धत त्या मुलखांत जुनी आहे. आपल्याकडे लडाखमध्ये तिचीच एक जात, ऱ्होडिओला इम्ब्रिकाटा, वाढते. तिला तिकडे 'सोलो' म्हणतात आणि तिचा कोवळा पाला भाजी म्हणून खातात. लेहमधील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतही तिच्यावर काम झाले आहे.

आता समजा, कोणी म्हणाले, 'काढा प्यायलो आणि डोंगर चढून गेलो, दम लागला नाही.' तो माणूस खोटे बोलत नसेल. पण काढा न पिता तो किती दमला असता, हे त्याला कसे कळणार? त्या दिवशी हवा चांगली असेल, झोप चांगली झाली असेल, किंवा काढ्यावरचा विश्वासच पुरेसा झाला असेल. या तीन शक्यता वेगळ्या करायला आधी थकवा मोजावा लागतो. त्याचे पहिले महत्त्वाचे यंत्र सायबेरियापासून फार दूर, इटलीत तयार झाले.

बोटाने उचललेले वजन

तुरीन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांनी 1880 नंतरच्या दशकात 'एर्गोग्राफ' नावाचे उपकरण बनवले. कल्पना अगदी साधी होती. हात टेबलावर घट्ट बांधायचा, फक्त मधले बोट मोकळे ठेवायचे. बोटाला दोरी, दोरी कप्पीवरून खाली आणि तिच्या टोकाला काही किलोचे वजन. ठराविक ठेक्यावर, साधारण दर दोन सेकंदांनी, बोट वाकवून वजन उचलायचे. वजन किती वर गेले याची रेघ काजळी धरलेल्या, फिरत्या कागदावर उमटत जाई. सुरुवातीच्या रेघा उंच, मग हळूहळू ठेंगण्या होत शेवटी बोट हलेनासे होई. थकवा असा कागदावर उतरला.

मोसो यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती शिक्षकांना नक्की पटेल. त्यांचे एक सहकारी दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आले की त्यांच्या बोटाची रेषाकृती नेहमीपेक्षा आखूड येई. बोटाने तर काही काम केलेले नव्हते! शिण डोक्याला झाला होता आणि तो बोटात दिसत होता. मोसो यांचे 'थकवा' या विषयावरचे पुस्तक 1891 साली प्रसिद्ध झाले. शरीराचा आणि मनाचा थकवा एकमेकांपासून साफ वेगळे करता येत नाहीत, हे त्यातून पुढे आले.

या उपकरणाच्या आधारे चहा, कॉफी, मद्य यांची परीक्षा सुरू झाली आणि निष्कर्षांचा गोंधळ उडाला. एक म्हणे मद्याने शक्ती वाढते, दुसरा म्हणे घटते. यंत्र बरोबर होते, मग चुकत काय होते?

ओळखू न येणारा पेला

हे नेमके सांगितले केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी. निलगिरीतल्या तोडा जमातीवरचा 1906 सालचा प्रसिद्ध ग्रंथ त्यांचाच. त्याच सुमारास ते थकव्यावर प्रयोग करत होते, बहुतेक स्वतःवरच. त्यांच्या लक्षात आले की बोट थांबते ते केवळ स्नायू दमल्यामुळे नव्हे; इच्छा, उत्सुकता आणि अपेक्षा यांचाही त्यात वाटा असतो. आज आपण शक्तिवर्धक घेतले आहे हे माहीत असले, की बोट आणखी दोन वेळा वजन उचलते. आज काहीच घेतलेले नाही हे माहीत असले, की ते लवकर हार मानते.

म्हणून रिव्हर्स यांनी दोन मिश्रणे तयार केली. एकात तपासायचा पदार्थ, दुसऱ्यात नाही. चव मात्र अशी की फरक ओळखू येऊ नये. आज कोणते मिश्रण प्यायलो हे प्यायणाऱ्याला ठाऊक नसे. त्यांचे निष्कर्ष 1908 साली पुस्तकरूपाने आले. मद्याच्या लहान मात्रेचे जे परिणाम इतरांनी सांगितले होते, ते या पद्धतीत दिसेनासे झाले. कॅफीन मात्र या कडक परीक्षेतही उत्तीर्ण झाले. त्याने कामाची क्षमता खरोखरच वाढत होती. म्हणजे चांगली परीक्षा सगळ्यांनाच नापास करते असे नाही. जे खरे आहे ते तिच्यातून पार पडते, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येतो.

पुढचे पाऊल न्यूयॉर्कमध्ये पडले. कोका-कोलातील कॅफीन अपायकारक आहे, असा दावा अमेरिकी सरकारने केला होता आणि 1911 साली खटला उभा राहिला. कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाला प्रयोग करायला सांगितले. कंपनीच्या पैशाने केलेला प्रयोग लोक मानतील का, ही अडचण त्यांनाही दिसत होती. त्यांनी अट घातली की निष्कर्ष काहीही येवो, तो प्रसिद्ध होईल आणि जाहिरातीत वापरला जाणार नाही. 16 जणांवर सुमारे 40 दिवस चाचण्या झाल्या. काही दिवशी कुप्यांत कॅफीन असे, काही दिवशी नुसती दुग्धशर्करा. घेणाऱ्यांना ते माहीत नसे आणि त्या वेळी चाचणी घेणाऱ्यांनाही नसे. परीक्षकाला उत्तरपत्रिका कोणाची हे कळू नये म्हणून आपण नाव झाकतो, त्यातलाच हा प्रकार. आज याला 'दुहेरी अंध पद्धत' म्हणतात आणि निरुपद्रवी, नकली गोळीला 'प्लासिबो'.

म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या बारा वर्षांतच थकव्याच्या परीक्षेचे मुख्य नियम हाती आले होते. सोनमुळाची परीक्षा मात्र या नियमांनुसार व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

सोव्हिएत संशोधन

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात सैनिक, कामगार, खलाशी यांची कार्यक्षमता वाढवण्याच्या उपायांचा शोध जोरात सुरू झाला. 1947 साली औषधशास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव यांनी 'अ‍ॅडॅप्टोजेन' हा शब्द रूढ केला. ताणाशी जुळवून घ्यायला शरीराला मदत करणारा पदार्थ, असा त्याचा अर्थ. इस्रायल ब्रेखमन हे त्यांचे शिष्य. व्लादिवोस्तोक येथे त्यांनी जिनसेंगचा अभ्यास केला आणि मग दुर्मिळ, महाग जिनसेंगऐवजी मुबलक मिळणाऱ्या वनस्पतींकडे ते वळले. त्यांतली एलुथेरोकॉकस ही वनस्पती 1962 मध्ये शक्तिवर्धक म्हणून मान्य झाली. तॉम्स्क येथे सोनमुळावर काम चालले होते. 1975 साली त्याच्या अर्कालाही सरकारी मान्यता मिळाली.

ब्रेखमन आणि दार्दिमोव यांनी 1969 साली अ‍ॅडॅप्टोजेनच्या तीन खुणा सांगितल्या : तो सर्व प्रकारच्या ताणांविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढवतो, शरीरातला बिघाड कोणत्याही दिशेचा असो, त्याला सामान्य पातळीकडे आणतो, आणि शरीराच्या नेहमीच्या कामात ढवळाढवळ करत नाही.

यातली दुसरी खूण वर्गात चर्चेला घेण्यासारखी आहे. रक्तदाब वाढलेला असताना उतरला तर औषधाचे यश. उतरलेला असताना वाढला तरीही यश. मग कोणते निरीक्षण आले असता आपण 'औषध चालले नाही' असे म्हणणार? आणि बिघाड झालेले आकडे पुष्कळदा काही न करताही सामान्य पातळीकडे येतात. सर्दी सात दिवसांत बरी होते, तसेच. म्हणून तुलनेसाठी औषध न घेतलेला गट असल्याशिवाय ही खूण तपासताच येत नाही. सोव्हिएत काळातल्या बऱ्याच प्रयोगांत तो गट किंवा त्याचा नीट तपशील नव्हता. म्हणून ते सारे काम टाकाऊ ठरत नाही. त्यातून तपासण्याजोगा प्रश्न मिळाला. पण प्रश्न मिळाला म्हणजे उत्तर मिळाले असे होत नाही. युरोपीय औषध संस्थेने 2008 साली 'अ‍ॅडॅप्टोजेन' ही संज्ञा स्वीकारण्याइतकी स्पष्ट नाही, असा अभिप्राय दिला.

डॉक्टर, विद्यार्थी आणि छात्रसैनिक

2000 सालापासून सोनमुळाच्या अर्काच्या दुहेरी अंध चाचण्या प्रसिद्ध होऊ लागल्या. पहिली आर्मेनियातली. रात्रपाळी करणाऱ्या 56 तरुण डॉक्टरांना दोन आठवडे अर्क किंवा प्लासिबो दिला, मध्ये खंड ठेवला, मग अदलाबदल केली. स्मरण, हिशेब, एकाग्रता यांच्या चाचण्यांत पहिल्या दोन आठवड्यांत अर्काच्या बाजूने फरक दिसला. शेवटच्या टप्प्यात तो तसा टिकला नाही. त्याच वर्षी रशियात शिकणाऱ्या 40 परदेशी विद्यार्थ्यांवर परीक्षेच्या काळात 20 दिवसांची चाचणी झाली. काही बाबतींत अर्क घेणारे पुढे होते, काही बाबतींत दोन्ही गट सारखेच. 2003 साली 161 छात्रसैनिकांची रात्रीच्या कामगिरीत परीक्षा झाली. त्यांचे चार गट होते : लहान मात्रा, मोठी मात्रा, प्लासिबो आणि काहीच न घेणारे. अर्क घेणाऱ्या गटांत थकवा कमी आढळला. मात्रा वाढवल्याने मात्र अधिक फायदा झाला नाही.

तुलनागट का हवा, हे 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीतून चांगले दिसते. दीर्घकाळ थकव्याने बेजार असलेल्या 96 जणांना एलुथेरोकॉकस किंवा प्लासिबो दिला गेला. दोन महिन्यांनी औषध घेणाऱ्यांना बरेच बरे वाटत होते. प्लासिबो घेणाऱ्यांनाही! एकंदरीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. तुलनागट नसता तर सगळे श्रेय मुळीला गेले असते. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून आपण बाटली आणतो, तेव्हा नेमके हेच घडते.

2012 साली कॅनडातील संशोधकांनी सोनमुळावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. निकषांत बसणाऱ्या 11 चाचण्या सापडल्या. शारीरिक थकव्यावरच्या 6 पैकी 2 चाचण्यांत, तर मानसिक थकव्यावरच्या 5 पैकी 3 चाचण्यांत उपयोग दिसला होता. पण प्रत्येक चाचणीत एकतर पक्षपाताला वाव होता किंवा पद्धतीची माहिती अपुरी होती. सगळे मिळून निश्चित निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नव्हता.

बेचाळीस दिवसांनंतर

पुनरावलोकन करणाऱ्यांपैकी काहींनी मग स्वतःच चाचणी घेतली. अल्बर्टा विद्यापीठात पाळीपाळीने रुग्णालयात काम करणारे 48 परिचर्या-विद्यार्थी त्यांनी निवडले. दिवसा अभ्यास, रात्री वॉर्ड, झोपेचे खोबरे. थकव्यासाठी याहून योग्य गट कोणता? चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एकाला जागे झाल्यावर अर्काची 364 मिलिग्रॅमची कुपी आणि लागल्यास चार तासांच्या आत आणखी एक. दुसऱ्याला तशीच दिसणारी प्लासिबो. मुदत 42 दिवस. कोणते माप मुख्य धरायचे हे आधीच ठरवलेले होते. त्यांपैकी एक होती उत्साह मोजणारी 0 ते 100 गुणांची प्रश्नावली.

निकाल 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्क घेणाऱ्यांच्या उत्साहातला बदल प्लासिबो गटाच्या तुलनेत सरासरी 17 गुणांनी खाली होता. थकवा मोजणाऱ्या दुसऱ्या पट्टीवरही प्लासिबो गटच चांगला ठरला. थकवा घालवण्यासाठी दिलेल्या मुळाने थकवा अधिक दिसला!

मग सोनमुळाने थकवा वाढतो असे म्हणायचे का? थांबा. 48 ही संख्या लहान आहे. त्या 17 गुणांच्या फरकाची संभाव्य मर्यादा सुमारे 4 ते 31 गुण इतकी रुंद होती. आधीच्या काही चाचण्या उलट बाजूला आहेत आणि त्यांतले अर्क, मात्रा, मुदत सारखे नव्हते. एका चाचणीने मूळ दोषी ठरत नाही, तसे आधीच्या चाचण्यांनी ते गुणीही ठरलेले नव्हते. आम्हांला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल लपवला गेला नाही. परंपरा काही सांगो, संशोधकांची आशा काही असो, विरुद्ध उत्तर यायला जागा होती आणि ते आले. ज्या परीक्षेत नापास होणे शक्यच नाही, तिच्या प्रमाणपत्राला काय किंमत?

बाटलीवरची अक्षरे

'मान्यताप्राप्त' या शब्दाचा अर्थही नीट पाहायला हवा. युरोपीय औषध संस्थेने 2012 साली ताणामुळे येणाऱ्या तात्पुरत्या थकव्यासाठी सोनमुळाचा 'पारंपरिक वापराचे वनौषध' म्हणून स्वीकार केला. याचा आधार दीर्घकाळचा वापर हा आहे. चाचण्यांनी परिणाम सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नाही. बाटलीवर हा फरक बारीक अक्षरांत जातो.

शिवाय बाटलीत असते तरी काय? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात बाजारातल्या सोनमुळाच्या उत्पादनांचे रासायनिक विश्लेषण केले, तेव्हा सुमारे एक पंचमांश उत्पादनांत या जातीची ओळख पटवणारी द्रव्येच सापडली नाहीत. मागणी वाढली, डोंगरातले कंद उपटले जाऊ लागले आणि 2022 साली पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ऱ्होडिओलाच्या सर्व जातींच्या व्यापारावर नियंत्रण आणण्याचा निर्णय घ्यावा लागला. उपयोग सिद्ध होण्याआधीच वनस्पती संकटात आली.

आपल्या वर्गापुरते बोलायचे तर यात आणखी एक धोका आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. सतत थकणारी मुलगी शक्तिवर्धकाची बाटली संपवते आणि तिच्या रक्ताची साधी तपासणी राहून जाते. रक्तक्षयाला मोजमाप आहे, त्यावर स्वस्त आणि पारखलेला उपाय आहे. अपुऱ्या झोपेवरचा उपाय तर फुकट आहे. म्हणून 'डोकं थकतं, काही घेऊ का?' असे कोणी विचारले, तर आधी विचारावे : रात्री किती झोपतेस? सकाळी खाऊन येतेस का? रक्त तपासले आहे का?

उरला प्रश्न परीक्षेच्या पद्धतीचा. तो मुलांनी स्वतः अनुभवावा. कपडे वाळत घालण्याचा चिमटा घ्या. अंगठा आणि तर्जनी यांनी तो 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उघडता येतो ते मोजा. न थांबता असे पाच वेळा करून आलेख काढा. मोसोची उतरती रेषा तुमच्या वहीत उमटेल. दुसऱ्या दिवशी एकाच भांड्यातले लिंबूसरबत सारख्या पेल्यांतून द्या. निम्म्या पेल्यांवर 'शक्तिपेय' आणि निम्म्यांवर 'साधे' अशी चिठ्ठी लावा. कोणाला कोणता पेला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि मोजणाऱ्याला ते कळू देऊ नका. मग दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर मांडा आणि सरबत एकच होते हे सांगून टाका. फरक आला तर तो कशाचा? नाही आला तर इतक्या मुलांवरून तसे म्हणता येईल का? दुसऱ्या वर्गाबरोबर पुन्हा केले तर? ही चर्चा तास संपेपर्यंत चालेल; चालू द्यावी.